फोर्क ब्रेस लावण्याआधी पुढचं चाक उचलून बघा



पावसाळा सरला की घाटांकडे आणि कोकणाकडे निघालेल्या गाड्यांची वर्दळ वाढते, आणि त्याच सुमारास गॅरेजात एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘गाडी पुढून हलते. वळणात भरवसा वाटत नाही.’ मग कुणी ना कुणी सुचवतंच, फोर्क ब्रेस लावून घे, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल.

ब्रेस ही चांगली वस्तू आहे. योग्य गाडीवर नीट लावली तर खडबडीत रस्त्यावर आणि वळणात फरक हाताला जाणवतो. पण पुढून हलणाऱ्या बहुतेक गाड्यांचं दुखणं वेगळंच असतं, आणि त्या दुखण्यावर ब्रेस चढवली तर पैसे जातात आणि खरा दोष तसाच राहतो. म्हणून माझं सांगणं दोनच गोष्टींचं आहे. ब्रेस विकत घेण्याआधी पुढचं चाक उचलून फोर्क तपासा. आणि कंपनीने मडगार्डच्या रूपात जी ब्रेस आधीच दिली आहे, ती शोभेपायी काढून टाकू नका.

ब्रेस करते काय?

पुढच्या फोर्कला दोन पाय असतात. प्रत्येक पायात वरची चकचकीत क्रोम नळी आणि तिच्यावर वर-खाली सरकणारी जाड खालची नळी. वरच्या नळ्या दोन जाड पकडींत घट्ट आवळलेल्या असतात. गॅरेजात या पकडींना ‘टी’ म्हणतात, एक वरची, एक खालची. खालच्या दोन नळ्यांना एकमेकींशी जोडणारा मुख्य भाग मात्र चाकाचा ॲक्सल, तोही अगदी तळाला. पायऱ्या काढून टाकलेल्या शिडीचे दोन बांबू जसे आपापले डोलतील, तसंच या दोन पायांचं होऊ शकतं.

रस्त्यावर याचा परिणाम कुठे दिसतो? एकच डिस्क असलेल्या गाडीचा कॅलिपर एकाच पायावर बसवलेला असतो. ब्रेक दाबला की सगळा जोर त्या एका पायावर येतो आणि तो दुसऱ्यापेक्षा थोडा वेगळा वागू पाहतो. चाक तिरकं खड्ड्यात गेलं, किंवा डांबराच्या उचललेल्या कडेवरून घसरत उतरलं, तरी तेच होतं. हँडल सरळ असतं, पण चाक क्षणभर किंचित पिळवटतं, मग परत येतं. चालवणाऱ्याला वाटतं की हँडलला दिलेली सूचना चाकापर्यंत उशिरा पोचते आहे. ब्रेस म्हणजे चाकाच्या वरून जाणारा, दोन्ही खालच्या नळ्यांना बांधणारा एक कडक पूल. त्यामुळे दोन्ही पायांना एकत्रच वर-खाली व्हावं लागतं आणि पिळवटणं कमी होतं.

तिचं काम एवढंच. स्प्रिंग मऊ असेल तर ब्रेसने ती कडक होत नाही, संपलेलं फोर्क ऑइल भरून निघत नाही, झिजलेला टायर नवा होत नाही.

कुणाला उपयोग, कुणाला नाही

तेलाच्या दाबावर धक्के जिरवणारा, आजच्या धाटणीचा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली आपल्या आर १२ आणि आर १७ या गाड्यांना दिला. पुढे इंजिनांची ताकद भराभर वाढली, पण फोर्कच्या नळ्या बराच काळ बारीकच राहिल्या. १९६९ साली आलेल्या होंडाच्या सीबी ७५० या चार सिलिंडरच्या दमदार गाडीला नळ्या होत्या फक्त ३५ मिमीच्या. अशा गाड्यांवर बाहेरून ब्रेस लावण्याची पद्धत परदेशात रुजली ती याच कारणाने. नंतर कंपन्यांनीच मडगार्डखाली पूल द्यायला सुरुवात केली आणि नळ्याही जाड केल्या.

आपल्याकडचं उदाहरण बघा. २०२० पर्यंतच्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ला ३५ मिमीचा फोर्क होता. २०२१ च्या नव्या क्लासिकला ४१ मिमीचा आला. कागदावर ६ मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण नळीच्या भिंतीची जाडी तेवढीच धरली, तरी व्यास ३५ वरून ४१ वर नेल्याने वाकण्याला होणारा विरोध दीडपटीहून जास्त होतो. नवी क्लासिक जुनीपेक्षा स्थिर वाटते, त्यात नव्या चेसिसचा वाटा मोठा आहे आणि या जाड नळ्यांचाही आहे.

म्हणून ब्रेसचा फायदा अशा गाडीला, जिच्या फोर्कच्या नळ्या बारीक आहेत, समोर एकच डिस्क आहे, मडगार्ड नुसतं प्लॅस्टिकचं असून त्याखाली लोखंडी पूल नाही, आणि जी सामान लादून लांबवर किंवा खराब रस्त्यावर चालते. रोज कामावर ३० ते ४० च्या वेगाने जाणाऱ्या सव्वाशे सीसीच्या गाडीला ब्रेसची गरज नाही. तिला टायरमध्ये योग्य हवा लागते.

काही गाड्यांना तर ब्रेस लावायला जागाच नसते. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांचा फोर्क उलटा असतो. त्यात जाड नळी वर टीमध्ये आवळलेली असते आणि क्रोम नळी खाली असते. हा फोर्क मुळातच कडक, आणि खालचे दोन पाय बांधायचं काम त्याचा जाड ॲक्सल करतो. अशा गाडीसाठी कुणी ब्रेस दाखवली तर घेऊ नका.

मडगार्ड हीच तुमची ब्रेस असू शकते

ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम सांगतो. स्प्लेंडरसारख्या गाडीचं पत्र्याचं पुढचं मडगार्ड चार बोल्टांनी दोन्ही खालच्या नळ्यांना घट्ट बसवलेलं असतं. चिखल अडवणं हे त्याचं दिसणारं काम. दोन पाय एकत्र बांधणं हे न दिसणारं. बऱ्याच गाड्यांत प्लॅस्टिकच्या मडगार्डच्या पोटात कमानीसारखी जाड लोखंडी पट्टी असते, ती नेमकी याचसाठी.

जुनी बुलेट किंवा स्प्लेंडर सजवताना बरेच जण हे मडगार्ड काढून आखूड फायबरचं बसवतात, एका बाजूला दोन नाजूक पट्ट्यांवर. गाडी दिसते छान, पण फोर्कचा पूल गेलेला असतो. मग गाडी पुढून हलायला लागते आणि तिच्यासाठी ब्रेसचा शोध सुरू होतो. मडगार्ड बदलायचंच असेल तर आतली लोखंडी कमान शाबूत ठेवा, किंवा तिच्या जागी तितकीच भक्कम ब्रेस लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. आणि मडगार्ड मूळचंच असेल तर त्याचे चारही बोल्ट आजच पान्याने तपासा. पंक्चर काढताना एखादा बोल्ट राहून गेलेला किंवा आटे गेलेला असणं फार सामान्य आहे. चारातला एक ढिला असला तरी फोर्कचं बांधकाम सैल होतं.

आता पुढचं चाक उचला

गाडी मेन स्टँडवर घ्या. मागे एकाला वजन टाकून दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. मेन स्टँड नसेल तर इंजिनखाली लाकडी फळी ठेवून तिच्याखाली जॅक लावा. सायलेन्सरच्या पाइपखाली किंवा ऑइल फिल्टरखाली जॅक कधीच लावू नका.

पहिली तपासणी कोनसेटची, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्याची. हँडल दोन बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर, चाक सरळ असताना, बारीक खाच पकडल्यासारखं जाणवतं का? आपण बहुतेक वेळ सरळच चालतो. खड्ड्यांचे सगळे ठोके बेअरिंगच्या गोळ्या त्याच जागी झेलतात, आणि तिथे वाटीत खळगे पडतात. अशी गाडी सरळ चालताना बारीक भटकते आणि वळणात शिरताना अडते. आता खाली बसून दोन्ही पाय ॲक्सलजवळ धरा आणि पुढे-मागे हलवा. त्याच वेळी दुसऱ्याला खालची टी आणि चेसिसची मान यांच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. ‘टक्’ असा बारीक ठोका बोटाला लागला तर कोनसेट ढिला आहे. घट्ट करून भागतं का ते बघा. खाच असेल तर पूर्ण संच बदला.

दुसरी तपासणी चाकाची. वर आणि खाली धरून चाक आडवं हलवा. खळखळ जाणवली तर चाकाचं बेअरिंग गेलं आहे. चाक फिरवून रिम डुलते का बघा. तारांची रिम असेल तर प्रत्येक तारेवर पान्याने हलकेच ठोका. ताणलेली तार खणकन वाजते, ढिली ठस वाजते.

तिसरी क्रोम नळ्यांची. फडक्याने पुसून नखाने वरपासून खालपर्यंत चाचपा. खडबडीत गंजाचा ठिपका नखाला अडकला तर तो ऑइल सील फाडणार. सीलमधून तेल गळत असेल तर ते डिस्कवर पोचण्याआधी काम करून घ्या, नाहीतर ऐन वेळी ब्रेक लागणार नाही. फोर्क ऑइल किती वर्षांत बदललं नाही ते आठवा. बदलताना दोन्ही पायांत मॅन्युअलमध्ये दिलेलं तेल दिलेल्याच मिलीलिटरने, मोजून भरायला सांगा. अंदाजाने ओतलेलं किंवा एका पायात कमी, एकात जास्त गेलेलं तेल फोर्कचा तोल बिघडवतं.

चौथी, गाडी कधी पडली असेल तर. सपाट काचेचा एक तुकडा खालच्या टीच्या खाली दोन्ही क्रोम नळ्यांवर आडवा टेकवा. काच दोन्हीकडे पूर्ण टेकली तर नळ्या एका पातळीत आहेत. एक कोपरा उचलला जाऊन काच डगडगली तर फोर्क पिळलेला आहे किंवा नळी वाकलेली आहे. असा फोर्क आधी सरळ करून घ्यावा लागतो. वाकड्या फोर्कवर ब्रेस आवळली तर दोन्ही पाय अडकून बसतात, आणि गाडी पहिल्यापेक्षा धोकादायक होते.

पाचवी टायरची. हवेचा आकडा मॅन्युअलमध्ये आणि बहुधा चेनकव्हरवरच्या किंवा मागच्या चिमट्यावरच्या (स्विंगआर्मवरच्या) पट्टीवर लिहिलेला असतो. एकट्याने जाताना वेगळा, मागे कुणी बसलं तर मागच्या टायरचा वेगळा. टायरच्या बाजूला चार आकडी छाप असतो. ३२१९ असेल तर तो २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक दिसली तरी कडक झालेला, जुना टायर वळणात पकड देत नाही. काँक्रीटच्या रस्त्यावर लांबीच्या दिशेने ओढलेल्या खाचांवरून पुढचं चाक थोडं भटकतं, तो टायर आणि खाचांचा खेळ आहे, फोर्कचा दोष नव्हे.

शेवटी मागे या. मागचं चाक उचलून आडवं हलवा आणि चिमट्याचे बुश बघा. मोठ्या वेगात सगळी गाडी संथपणे डुलत असेल, तर कारण बहुधा मागे असतं. बुश, मागचे शॉकॲब्सॉर्बर, नाहीतर मागच्या चाकाच्याही मागे टांगलेलं जड सामान. टॉपबॉक्समध्ये वजन कोंबलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरायला लागतं. जड सामान शक्य तितकं पुढे आणि खाली बांधा.

इतकं करूनही हँडल चालत्या गाडीत थरथरलं, तर घाबरून करकचून ब्रेक मारू नका. गुडघ्यांनी टाकी आवळा, अंग थोडं पुढे घ्या, हँडल नीट धरा पण त्याच्याशी झुंजू नका, आणि थ्रॉटल हळूहळू सोडत वेग उतरू द्या. मग गाडी बाजूला घेऊन कारण शोधा.

ब्रेस घेताना आणि बसवताना

वरचं सगळं ठीक आहे, आणि तरी खराब रस्त्यावर पुढचं चाक पिळवटल्यासारखं वाटतं? मग ब्रेस घ्या. तुमच्याच मॉडेलसाठी, त्याच वर्षाच्या फोर्कसाठी बनलेली घ्या. प्रत्येक बाजूला दोन बोल्ट असलेली घ्या. एका बोल्टवरची पट्टी त्या बोल्टभोवती फिरू शकते, मग ती बांधत काहीच नाही. वाकवलेली पातळ लोखंडी पट्टी दिसायला ब्रेस असते, पण पीळ अडवत नाही. जाड ॲल्युमिनियमची एकसंध घडलेली बरी. नळीभोवती आवळायच्या पकडीची ब्रेस असेल तर ती सीलच्या अगदी जवळ आवळू नका. जास्त आवळली तर नळी दबते आणि सील घासतं. फोर्कवर वेल्डिंग कोणत्याही कारणाने नको.

बसवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, तो मेकॅनिकसमोर उभं राहून पाळून घ्या.

ॲक्सलचा नट आवळा, पण पायाच्या टोकाला ॲक्सल पकडणारा छोटा बोल्ट ढिला ठेवा. ब्रेस जागेवर धरा आणि तिचे चारही बोल्ट हाताने फिरवून लावा. ते बोटांनी आत गेले पाहिजेत. भोक जुळवायला पेचकसने ओढावं लागलं किंवा पाय फाकवावे लागले तर तिथेच थांबा. ती ब्रेस त्या फोर्कची नाही, किंवा फोर्क सरळ नाही. बोल्ट बोटांनी लागले की गाडी स्टँडवरून खाली घ्या, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि फोर्क आठ-दहा वेळा जोराने दाबून सोडा. दोन्ही पाय आपोआप आपल्या जागी बसतात. मग ॲक्सल पकडणारा छोटा बोल्ट आवळा, आणि त्यानंतरच ब्रेसचे बोल्ट, आलटून पालटून, थोडे थोडे. टॉर्क पाना वापरा. मॅन्युअलमधला आकडा प्रमाण. साधारणपणे ६ मिमीच्या बोल्टला १० न्यूटन-मीटर, ८ मिमीच्याला २० ते २५. खालच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या असतात, अंदाजाने जोर लावला की आटे जातात. बोल्टला निळं थ्रेडलॉकर लावा.

आता जागेचा हिशेब. चाक अधांतरी असताना ब्रेसच्या माथ्यापासून वरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंत, मग ती खालची टी असो, हॉर्न असो की ऑइल कूलर, अंतर मोजा. ते फोर्कच्या पूर्ण हालचालीपेक्षा निदान १० मिमी जास्त हवं. फोर्कची हालचाल १३० मिमी असेल तर १४० मिमी. नाहीतर मोठ्या खड्ड्यात ब्रेस वर आपटेल. टायर आणि ब्रेस यांच्यामध्येही मोकळी जागा हवी. कोकणातला लाल चिखल टायरला धरून बसतो, तो तिथे अडकला तर चाक जाम होऊ शकतं. ब्रेकची नळी, मीटरची केबल आणि एबीएस असेल तर चाकाजवळच्या सेन्सरची तार कुठे घासत किंवा दबत नाही ना, हँडल दोन्हीकडे वळवून बघा.

फोर्क मोकळा सरकतो की नाही, याची परीक्षा सोपी आहे. ब्रेस लावण्याआधी फोर्क हाताने खाली दाबून हळू सोडा आणि तो जिथे थांबतो ती उंची मोजा. मग वर उचलून हळू सोडा आणि पुन्हा मोजा. दोन उंचींतला फरक लिहून ठेवा. ब्रेस लावल्यावर तेच करा. फरक वाढला असेल तर पाय घासत आहेत. बोल्ट ढिले करून सगळा क्रम पुन्हा करा. सुरुवातीला मोकळ्या मैदानात हळू चालवून, ब्रेक मारून बघा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. ब्रेस ही बाहेरून बोल्टने बसणारी, काढता येणारी वस्तू आहे. पण तिच्यासाठी फोर्क कापणं, भोकं पाडणं किंवा टी बदलणं यात पडू नका. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

गॅरेज चालवणाऱ्या भावांनाही हात जोडून सांगणं आहे. ‘पुढून हलते’ म्हणून गाडी आली की ब्रेसचा डबा उघडण्याआधी तिचं चाक उचला. कोनसेट, बेअरिंग, तेल, टायर आणि मडगार्डचे चार बोल्ट ग्राहकाला दाखवून तपासा. त्या तपासणीचे पैसे घ्या, तो तुमच्या हाताच्या कौशल्याचा मोबदला आहे. आणि दोष मडगार्डच्या ढिल्या बोल्टमध्ये निघाला, तर बोल्ट आवळून ग्राहकाला तसंच सांगा. तो पुढच्या कामालाही तुमच्याकडेच येईल.

वाचकहो, पुढच्या लांबच्या प्रवासाला निघण्याआधी अर्धा तास काढा. मागे वजन टाकायला घरातल्या कुणाला तरी बोलवा आणि पुढचं चाक उचला. हँडल फिरवा, पाय हलवा, मडगार्डचे बोल्ट पान्याने बघा, टायरची हवा भरा. पुढून हलणाऱ्या बऱ्याच गाड्यांना तेवढंच पुरतं. ज्यांना पुरणार नाही, त्यांनी निःशंक मनाने ब्रेस घ्यावी आणि सांगितलेल्या क्रमाने, मोजून लावावी.